दगडातली बिऱ्हाडे

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून चार हत्या झाल्या, ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. शाळेला सुटी लागली तेव्हा आमच्या वर्गातली माशांची काचपेटी मी घरी आणली होती. घरात जळमटे निघत होती, डबे घासले जात होते. त्या भरात मलाही उत्साह आला. पेटीतले बुळबुळीत दगड आणि गाळणीचा मळकट स्पंज मी उकळत्या पाण्याने धुतला, दोन दिवस कडक उन्हात वाळवला आणि पेटी पुन्हा आरशासारखी लखलखीत केली. पाणीदेखील आदल्या दिवशी भरून ठेवलेले घेतले. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून पाहतो तो एक मासा उताणा तरंगतो आहे. भाऊबीजेपर्यंत पाचांतला एकच उरला.

सुटीनंतर वर्गातल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, पाणी तर स्वच्छ होते, मग मासे मेले कशाने?"

मी मराठी शिकवतो. शास्त्राच्या प्रश्नाला "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून वेळ मारून नेण्याची सवय आहे. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होते. मासे जिथून आणले त्या दुकानदाराकडे गेलो. सगळे ऐकून तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही दगड धुतले नाहीत, दगडांतली वस्ती मारलीत."

त्या एका वाक्याने मला पुस्तकांच्या मागे लावले. तेव्हा जे हाती लागले, ते त्या मुलीला दिलेले उत्तरच आहे. जरा लांबले आहे, इतकेच.

काचेच्या पेटीत जलचर जगवण्याची विद्या तशी फार जुनी नाही. लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ घरी आणले. खाऱ्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत बसे. आपण दूध निववतो ना, अगदी तसे! समुद्र घरात आणण्याची पहिली मजुरी त्या बाईने केली. इतिहासाने मात्र नाव मालकिणीचेच मोठे केले.

पुढे 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने चोपन्न लिटरच्या पात्रात त्याने दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. झाडाची पाने कुजून पाणी नासू लागले तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला आणि पाणी निवळले. मासा, झाड आणि गोगलगाय असा हा तिघांचा संसार. वॉरिंग्टनला वाटले, हिशेब जुळला. याच विचाराच्या बळावर 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि फिलिप गॉस या निसर्गलेखकाच्या पुस्तकांनी दिवाणखान्यात काचपेटी ठेवण्याचे वेडच लावले.

परंतु त्या संसारात एक चौथे बिऱ्हाड होते. ते हिशेबात धरलेच गेले नव्हते, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हते.

माशाच्या उत्सर्गातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष. मग तो जातो कुठे? या प्रश्नाची उकल पेटीत न होता पॅरिसच्या सांडपाण्यात व्हावी, ही मोठी गंमत आहे. 1877 साली श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी काचेच्या एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि तीतून सांडपाणी थेंब थेंब सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. त्यानंतर अमोनिया घटू लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले, म्हणजे आपल्या ओळखीच्या सोऱ्याच्या जातीचा क्षार. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम बंद पडले. पुढे मातीच्या धुवणाचे थोडे पाणी घालताच पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने जे थांबते ते सजीवच असले पाहिजे! वाळूच्या कणाकणावर कुणीतरी राहायला आले होते, आणि बिऱ्हाड मांडायला त्याला वीस दिवस लागले होते. माझ्या माशांना इतके दिवस मिळाले नाहीत.

आता कथेत एक माणूस येतो, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. पहिल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा, जन्म 1838 चा. रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने वडिलांच्याच प्रयोगशाळेत घेतलेले. रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगक्षेत्रात हा त्या फ्रेंच शोधाच्या मागे लागला. वर्षानुवर्षे बाटल्यांतून मातीचे विरजण लावता लावता त्याला उमगले की हे काम दोन टप्प्यांत होते: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे. पण ते कामकरी वेगळे काढून दाखवणे काही त्याला जमले नाही. जिलेटिनवर जंतू वाढवण्याची त्या काळची रीत होती, आणि त्यावर भलतेच जंतू माजत. 1890 साली झुरिकमध्ये विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते कोडे सोडवले. या जंतूंना आयते सेंद्रिय अन्न नकोच असते. ते अमोनियावर शक्ती मिळवतात आणि कर्बवायूतून आपला देह उभारतात. पक्वान्नाचे ताट मांडून वॉरिंग्टन ज्यांची वाट पाहत होता, ते पाहुणे निराहारी निघाले!

वडिलांच्या पात्रातले पाणी आणखी कशाने निवळत होते, याचे अर्धे उत्तर असे मुलाच्या हाती आले. पण तोवर वडिलांना जाऊन दहा वर्षे लोटली होती. थोरले वॉरिंग्टन 1867 मध्येच वारले. बापाने भांडे मांडावे आणि त्यात काय शिजत होते ते मुलाला कळावे, असे पुष्कळ घरांत घडते.

उरलेले अर्धे उत्तर गेयों आणि दुपेती या फ्रेंच जोडीने 1880 नंतरच्या काही वर्षांत दिले. जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे राहणारे काही जंतू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. मागे उरतो तो निरुपद्रवी नत्रवायू, आणि तो हवेत निघून जातो.

म्हणजे सच्छिद्र दगड हा आपल्या जुन्या वाड्यासारखाच म्हणायचा. ओटीवर वारा खेळतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट करणारे राहतात. आत अंधाऱ्या माजघरात प्राणवायू पोचत नाही, तिथे त्या नायट्रेटचा वायू करणारे राहतात. नितळ गोट्याला ओटीच काय ती असते, माजघर नसते.

एवढे ज्ञान एकोणिसाव्या शतकातच झाले होते. पण काचपेटीवाल्यांपर्यंत ते पुरतेपणी पोचायला कितीतरी वर्षे गेली. तळाच्या वाळूतून पाणी खेचणाऱ्या गाळण्या आल्या. त्यांत ओटी भरपूर, माजघर जवळजवळ नाहीच. अमोनिया जाई, नायट्रेट साठत राही. माशांना ते बरेचसे सोसते. प्रवाळांचे तसे नाही. प्रवाळभित्तीवरच्या समुद्रात नायट्रेट अत्यल्प असते. ते वाढले की शेवाळ माजते, प्रवाळ काळवंडतात आणि दबून जातात.

उपाय दाखवला तो कुठल्या प्रयोगशाळेने नव्हे, तर जकार्ताच्या ली चिन एंग या छंदिष्टाने. 1961 साली एका अमेरिकन मासिकात त्याने आपली रीत सांगितली: समुद्रातले जिवंत खडक आणावेत, त्यांवरचे जीव तसेच राहू द्यावेत, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश द्यावा, बस्स. त्याने दगडाला धुतले नाही, पाहुण्यासारखे वागवले. पुढे बर्लिनच्या छंदिष्टांनी खडकांच्या जोडीला पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारे यंत्र ठेवले. 1980 नंतरच्या दशकात मोनॅकोच्या बाजूला झां झोबेर या शास्त्रज्ञाने जाड वाळूच्या थराखाली स्तब्ध पाण्याची पोकळी ठेवून माजघरच बांधून काढले.

समुद्रातले खडक उपसणे म्हणजे समुद्राचे घर मोडणे. म्हणून आता भाजलेल्या मातीचे आणि काचेची पूड वितळवून जोडलेले छिद्रमय ठोकळे कारखान्यांत होतात. मात्र ठोकळा टाकला आणि नायट्रेट पळाले, असे नाही. वस्ती व्हायला आठवडे लागतात. पाण्याचा लोंढा जोराचा असला तर प्राणवायू आतवर घुसतो आणि माजघराची ओटी होते. छिद्रे गाळाने बुजली तर वाडाच ओस पडतो. आतल्या मंडळींना थोडे सेंद्रिय खाद्यही लागते. आणि मुठी मुठी दाणे टाकणाऱ्या हौशी हातापुढे कोणताही दगड हरतो. बेताचे खाऊ घालणे आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे याला पर्याय नाही.

धाकट्या वॉरिंग्टनची एक गोष्ट राहिली. दोन टप्पे, दोन कामकरी हा सिद्धान्त शंभरावर वर्षे वेदवाक्यासारखा चालला. 2015 साली मात्र अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकहाती करणारा जंतू सापडला. व्हिएन्ना आणि नेदरलंड्समधले नाइमेखेन, अशा दोन गटांनी तो एकाच वेळी जाहीर केला. नाइमेखेनच्या गटाला तो कुठे सापडला असेल? मत्स्यपालनाच्या टाकीच्या गाळणीत! बापाने मांडलेल्या भांड्याने मुलाच्या सिद्धान्ताला अशी पुरवणी जोडली.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे गुरुजी, ते बुळबुळीत होते तेच चांगले होते?"

आमच्या वर्गात आता पुन्हा काचपेटी आहे. काचेवरची धूळ पुसतो. दगड मात्र पेटीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच विसळतो, तेही सगळे एकदम नाही. यंदाही घरात साफसफाई निघाली आहे. सगळे घर घासूनपुसून काढा, असा आदेश आहे आणि तो मी पाळतोही आहे. फक्त त्या पेटीच्या झाकणावर मुलीने आपल्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: "आत माणसे राहतात. धुऊ नये."

'माणसे' हा शब्द मी दुरुस्त केलेला नाही.