दूरध्वनी-सोबत

एकाकी व्यक्तीला ठरल्या वेळी नियमित फोन करून तिच्याशी आपुलकीने गप्पा मारण्याचा उपक्रम. समुपदेशनाहून हा वेगळा. बोलणारा उपचार करत नाही. ऐकतो आणि मागच्या खेपेचे बोलणे आठवणीने विचारतो. ते आठवणीने विचारणेच याचे मर्म.

ब्रिटनमध्ये एस्थर रँटझेन यांनी २०१३ मध्ये ज्येष्ठांसाठी ‘द सिल्व्हर लाइन’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. कोविडकाळात अशा फोनची टेक्सासमध्ये २४० जणांवर झालेली चाचणी महत्त्वाची आहे. थोडेसे प्रशिक्षण घेतलेले तरुण पहिले पाच दिवस रोज फोन करत. पुढे आठवड्यातून किती, हे फोन घेणाऱ्याने ठरवायचे. चारच आठवड्यांत एकाकीपणा, नैराश्य आणि चिंता कमी झाली.

भारतात केंद्र सरकारची ‘एल्डर लाइन’ (१४५६७) २०२१ पासून ज्येष्ठांना माहिती, मदत व भावनिक आधार देते. महाराष्ट्रात ती पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालवते. मात्र तेथे फोन सहसा ज्येष्ठानेच करायचा असतो, आणि खरा एकाकी माणूस बहुधा करत नाही. रायपूरच्या तात्यापारासारख्या बृहन्महाराष्ट्रातील मराठी वस्तीत आणखी एक गरज असते : बाहेरचा व्यवहार हिंदी-छत्तीसगढीत चालतो, पण म्हातारपणी मन मोकळे करायला पलीकडून मराठी आवाज यावा लागतो.