रक्तातला जागल्या

पूर्वी कोरेगावाकडच्या गावांतून रात्री जागल्या फिरे. दिसेल त्या सावलीला त्याने आरोळी ठोकली असती, तर गाव झोपले असते का? आपल्या रक्तातही असे जागले आहेत. १९७५ साली स्वीडनमध्ये कीसलिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांत ते ओळखले. नाव ठेवले 'नैसर्गिक मारेकरी पेशी'. नाव भयंकर खरे! पण मारण्याइतकेच हाक देणे हेही त्यांचे काम. ती हाक म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन.

पण हाक द्यायची केव्हा? १९८६ साली तिथल्याच केर्रे यांच्या गटाने दाखवले, की समोरच्या पेशीवर 'आपली' ही खूण दिसली की जागल्या आवरतो. खूण पुसली की बिथरतो. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत इंटरल्यूकिन-१२ सापडले. शेजारच्या पेशींनी ते सोडले, की हाक वाढते. टीजीएफ-बीटा हे प्रथिन तीच हाक दाबते.

हे आवरणे किती मोलाचे, ते कोरोनात कळले. २०२१ ची लाट आपल्या सातारा जिल्ह्यानेही सोसली. काही रोग्यांत अनेक तऱ्हेच्या पेशींची हाकाटी थांबेचना. फुप्फुसे त्यातच खराब झाली. म्हणून प्राणवायू लावलेल्यांना डेक्सामेथासोन देत, ते विषाणू मारायला नव्हे, हाकाटी आवरायला.