फोंताइन्हासची जुनी घरे आणि त्यांतील नवे पाहुणे

पणजी शहराच्या पूर्व अंगास, अल्तिनोची टेकडी आणि ऊरेंची खाडी ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मळा व फोंताइन्हास ही दोन जुनी वस्तिस्थाने आहेत. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून फोंताइन्हास हे नाव पडले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविले. पुढे दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू ह्यांनी १८२७ ते १८३५ ह्या आपल्या कारकिर्दीत दलदल बुजवून रस्ते आखले आणि १८४३ च्या राजाज्ञेने पणजी ‘नोव्हा गोवा’ ह्या नावाने राजधानी झाली. कचेऱ्यांमागून कारकून, वकील व व्यापारी आले आणि त्यांची घरे उभी राहिली.

ही घरे चिऱ्यांची, कौलारू. पाऊस सरला की भिंतींना पिवळा, निळा वा तांबडा रंग द्यावयाचा. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याची चाल होती. ख्रिस्ती घराचे तोंड रस्त्याकडे, सज्जासह. हिंदू घराचे आत, राजांगणाकडे, जेथे तुळस असे.

येथील मुख्य रस्त्यास ‘३१ जानेवारी’ हे नाव आहे. काही प्रवासी पुस्तके त्याचा संबंध स्पेनपासून मिळालेल्या स्वातंत्र्याशी जोडतात. परंतु तो दिवस १ डिसेंबर १६४० हा होय. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, त्याचे हे स्मरण. १९१० साली जे प्रजासत्ताक आले त्यानेच गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क दिले. म्हणून हे नाव आपल्या घराण्यांना सर्वस्वी परके नाही.

ह्याच परिसरात तीन जुन्या वास्तू आज पांथस्थांची निवासस्थाने झाल्या आहेत. ‘पणजिम इन’ हे एकोणिसाव्या शतकातील राहते घर. त्याच्या समोरच्या ‘पणजिम पीपल्स’मध्ये पूर्वी पीपल्स हायस्कूल भरत असे. ‘पणजिम पौसादा’ हे मात्र मूळचे हिंदू घर. त्याच्या खोल्या आजही आतल्या चौकाभोवतीच आहेत. पोर्तुगालमध्ये सरकारने १९४२ पासून पौसादा उघडले व पुढे जुने किल्ले आणि मठही त्यासाठी वापरले. पौसादा म्हणजे मुक्कामाची जागा.

घर विकले अथवा भाड्याने दिले म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु १८७० पासून आपणांस लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या परंपरेतून आलेल्या वारसा नियमाने निम्मी मिळकत सर्व अपत्यांसाठी सक्तीने राखली जाते. न्यायाच्या दृष्टीने हे उचितच; पण तीन पिढ्यांत एका घरास तीस वारस होतात आणि फुटके कौल बदलण्यास एकही पुढे येत नाही. आधी छप्पर जाते, मग भिंत. ज्या घरात पाहुणा येतो त्याचे कौल तरी दरवर्षी परतले जाते.

तथापि चिरा वाचला म्हणजे घर वाचले असे नव्हे. देवघर कोठल्या खोलीत होते, कोणत्या ओसरीवर लग्ने लागली, हे नवा मालक सांगू शकणार नाही. ते आपणच सांगावयाचे. दूर गावचे महाजन उत्सवास येत, तेव्हा त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी अग्रशाळा बांधल्या. पांथस्थाला आसरा देणे आपणांस नवीन नाही. म्हणून ज्या कुटुंबावर जुने घर हातावेगळे करण्याची वेळ येईल, त्याने त्याचा नकाशा, छायाचित्रे व वंशावळ आधी देवस्थानच्या दप्तरी जमा करावी. घर दुसऱ्याच्या हाती गेले तरी त्याची हकीकत आपल्याजवळ राहील.