तळटीप : ‘दक्षिणेच्या झाडांवर टेकलेला मित्र’

‘मित्र’ म्हणजे इथे स्नेही नव्हे, तारा. नरतुरंग तारकासमूहातला हा सर्वांत तेजस्वी तारा. लेखकाने तो बंगळूरच्या गच्चीवरून पाहिला, हे ध्यानात ठेवावे. तिथे तो क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर चढतो, पुण्यात 11 अंशांच्याही आतच राहतो. म्हणून ‘टेकलेला’ हा शब्द अलंकारिक मानू नये. मेअखेरीस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, त्रिशंकूच्या डावीकडे, मित्रक या शेजाऱ्यासह तो दिसतो; मात्र दक्षिणेला इमारत आडवी नसावी.

लेखक त्याला ‘एकटा’ म्हणतो, ती मात्र चूक. ते तीन तारे आहेत. दोन सूर्यासारखे, सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करणारे. नुसत्या डोळ्यांना ते एकच भासतात. ही जोडी प्रथम उकलली ती डिसेंबर 1689 मध्ये, बंगळूरच्याच जवळपासच्या अक्षांशावरील पाँडिचेरीहून. जेझुइट पाद्री जाँ रिशो धूमकेतू पाहत होता, आणि दुर्बिणीत एकाचे दोन झाले. भारतातून दुर्बिणीने लागलेल्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला जागा द्यायला हरकत नव्हती. तिसरा, मंद तांबडा ‘प्रॉक्झिमा’, 1915 मध्ये सापडला. 4.24 प्रकाशवर्षांवरचा तो सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, पण दुर्बिणीविना दिसत नाही.