धरणाची बातमी रेडिओवर कळते तेव्हा

३० एप्रिल १९७१. कॅनडातल्या क्युबेक प्रांताचे प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे) रॉबर्ट बुरासा यांनी जाहीर सभेत घोषणा केली की, जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर धरणं बांधून वीज काढणार. त्या नद्यांकाठी शतकानुशतकं शिकार-मासेमारी करून जगणाऱ्या क्री लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना हे कळलं रेडिओ आणि पेपरमधून! पत्रकार म्हणून मी इथेच अडकलो. आपणही धरणाची बातमी करताना मेगावॅटचा आकडा आधी टाकतो आणि बुडणारी गावं शेवटच्या परिच्छेदात.

क्री कोर्टात गेले. शिकाऱ्यांनी साक्षी दिल्या. कुठला प्राणी कुठे, मासा कधी वर चढतो, बर्फ कुठे धरतो, सगळं तोंडपाठ. सातबारा नाही, नकाशा नाही. पण न्यायमूर्ती अल्बेर मालूफ यांनी ते ऐकलं आणि १५ नोव्हेंबर १९७३ ला काम थांबवायचा आदेश दिला. आनंद टिकला आठवडाभर. वरच्या कोर्टाने स्थगिती उठवली. बहुसंख्यांच्या विजेपुढे काही हजार लोकांची गैरसोय किरकोळ, असा एकूण हिशोब.

मग वाटाघाटी. धरण थांबत नाही म्हटल्यावर, पंचविशीतल्या बिली डायमंडसारख्या पुढाऱ्यांनी १९७५ चा करार केला. भरपाई, शिकारीचे हक्क, शाळा-दवाखान्यांवर स्वतःचा ताबा आणि शिकारीवर जगणाऱ्यांना हमीचं उत्पन्न. माझ्या मते ही शेवटची अट सगळ्यात शहाणपणाची.

पण पाणी करार वाचत नाही. बुडालेली झाडंझुडपं कुजली, त्यातून विषारी पारा माशांत उतरला आणि मासा हेच तर रोजचं जेवण. फोर्ट जॉर्ज बेटावरचं गाव उठवून चिसासिबीला न्यावं लागलं.

पुढच्या ग्रेट व्हेल प्रकल्पाच्या वेळी मात्र ते गप्प बसले नाहीत. १९९० मध्ये क्री आणि इन्युइट मिळून होडीने थेट न्यूयॉर्कला पोहोचले, कारण वीज तिकडे विकली जाणार होती. गिऱ्हाईकच गाठलं! न्यूयॉर्कने खरेदी रद्द केली, १९९४ ला प्रकल्प गुंडाळला.

२००२ मध्ये नवा करार झाला. ५० वर्षांत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर, बदल्यात रूपर्ट नदी वळवायला संमती. तीन क्री गावांनी मतदान घेऊन विरोध केला. २००९ मध्ये नदी वळवली.