आपला काळा पाषाण आणि वाळूचा दगड

मंदिराच्या जीर्णोद्धाराची बोलणी सुरू झाली की दगड कोणता घ्यावा हा प्रश्न निघतोच. हल्ली राजस्थानातील भरतपूरकडचा, बन्सी पहाडपूरचा गुलाबी दगड पुष्कळ ठिकाणी पसंत केला जातो. आपल्या दोंडाईचा परिसरातला जुना दगड मात्र काळा. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील जुनी मंदिरे याच काळ्या पाषाणाची आहेत. दोन्हींची जात अगदी निराळी, हे देणगीदार व ग्रामस्थ मंडळींनी ध्यानात घ्यावे.

काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या तप्त रसाचा थिजलेला खडक. गुलाबी दगड म्हणजे वालुकाश्म, गाळाचा खडक. तापीचा पूर ओसरला की काठी वाळूचा थर राहतो, पुढल्या पुरात त्यावर दुसरा. असे थर खोल गाडले जातात, भाराने दबतात आणि पाण्यातून आलेली सिलिका, चुना किंवा लोह कणाला कण चिकटवते. तांबूस रंग लोहाचा.

ओळखण्यासाठी रंगावर जाऊ नये, रंग फसवतो. ताज्या फुटलेल्या बाजूवर बोट फिरवावे. वाळूसारखे खरखरीत लागते, भिंगातून कण दिसतात, बहुधा थरांचे पट्टेही दिसतात. पाण्याचा थेंब पुष्कळदा आत जिरतो. घट्ट काळ्या पाषाणावर तो तसाच राहतो.

म्हणूनच वालुकाश्म भिंतीत बसवताना त्याचे थर आडवेच ठेवावे लागतात. उभे बसवले तर कालांतराने पापुद्रे सुटतात. त्यावर तैलरंग फासणे तर घातकच. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि कोरीव काम पिठासारखे झडते. (हौसेने दिलेला रंग काढायला मग दुप्पट खर्च!)

याची साक्ष फार लांब नाही. सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यातील बाघ लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत. दगड मऊ असल्याने कोरणे सोपे गेले, पण ओलीने छते ढासळली व चित्रे बरीचशी गेली. काळ्या पाषाणातली अजिंठ्याची चित्रे त्या मानाने अधिक टिकली. बाघच्या दुसऱ्या लेण्यात माहिष्मतीचा राजा सुबंधू याचा ताम्रपट सापडला. त्यात त्याने तेथील विहाराला एक गाव दान दिल्याचे नमूद आहे : पूजेसाठी, आणि मोडक्यातोडक्या भागांच्या दुरुस्तीसाठी.