इशारा-यंत्रणेतील भौगोलिक संकेतांक : नाव आणि अंक यांचा संबंध

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने १९८० च्या दशकात सहा अंकी भौगोलिक संकेतांकाची पद्धती विकसित केली. १९९७ पासून ती देशव्यापी आणीबाणी इशारा-यंत्रणेचा भाग झाली. पहिला अंक काउंटीचा (जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक) भाग, पुढील दोन राज्य व अखेरचे तीन काउंटी दर्शवितात. आपल्या काउंटीचा अंक नोंदविलेला रेडिओ संच त्या क्षेत्रासाठीच्या इशाऱ्यालाच वाजतो.

काउंटीचे अंक मात्र आपत्तीच्या अभ्यासातून आलेले नाहीत. शासकीय नोंदींसाठी नावांच्या वर्णानुक्रमे ते ठरविण्यात आले. परिणामी नामांतराबरोबर अंकही बदलू लागला. १९९७ मध्ये फ्लोरिडातील डेड काउंटी ‘मायामी-डेड’ झाली आणि ०२५ च्या जागी ०८६ आला. २०१५ मध्ये साउथ डकोटातील शॅनन काउंटी ‘ओग्लाला लाकोटा’ झाली, तेव्हा ११३ ऐवजी १०२ आला. भूमी तीच राहिली. परंतु जुनाच अंक असलेला संच नव्या अंकाच्या इशाऱ्याला मूक राहण्याचा धोका उद्भवला.

निष्कर्ष : नामांतर हा स्थानिक जनतेचा हक्क आहे. त्याची किंमत तिच्या सुरक्षिततेने मोजावी लागू नये, यासाठी संकेतांक नावाशी नव्हे, भूमीशी निगडित असणे आवश्यक ठरते.